एस्पोसितो : भिंतीतल्या चाकातून आलेलं आडनाव

‘ब्रेकिंग बॅड’ पाहिली असेल तर गस फ्रिंग आठवत असेलच. चिकनच्या दुकानांचा अदबशीर मालक, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता माणूस संपवणारा. मालिका मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना शेवटची नावं सरकत होती, तेव्हा नट कोण ते वाचलं : जियानकार्लो एस्पोसितो. वडील नेपल्सचे इटालियन, आई आफ्रिकन-अमेरिकन ऑपेरा गायिका, जन्म कोपनहेगनचा. एवढं सगळं असलेल्या माणसाच्या आडनावाचा अर्थ काय असेल म्हणून रात्री एक वाजता फोनवर शोधलं.

अर्थ निघाला : ‘बाहेर ठेवलेला’. उघड्यावर ठेवलेला. सरळ मराठीत, टाकून दिलेला.

त्याच महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभाऊ वंशावळ गोळा करत होता. एक्सेलची फाईल फिरत होती, प्रत्येकाने आपापल्या रांगेत नावं भरायची. पणजीच्या ओळीत ‘माहेरचं आडनाव’ हा रकाना रिकामा होता. दोन दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग काकांनी लिहिलं, ‘ती आश्रमातली.’ त्यावर एक हात जोडल्याची इमोजी आली आणि विषय संपला.

माझा संपला नाही. पणजीबद्दल शोधायला हातात काहीच नव्हतं. म्हणून मी एस्पोसितोंबद्दल वाचत सुटलो.

भिंत, चाक आणि घंटा

एस्पोसितो हे इटलीतल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांच्याबरोबर ते पहिल्या काही क्रमांकांत असतं. नेपल्स शहर आणि भोवतालच्या काम्पानिया प्रांतात तर त्याची गर्दीच आहे. आपल्याकडे एखाद्या गावात हाक मारावी ‘ओ पाटील’ आणि चार जणांनी मागे वळून पाहावं, तसं.

शब्द लॅटिनमधला : ‘एक्सपोझितुस’, म्हणजे बाहेर मांडलेला. चित्रप्रदर्शनाला इटालियनमध्ये ‘एस्पोझित्सिओने’ म्हणतात, तेही याच मुळातलं. इथे मात्र मांडलेली वस्तू म्हणजे तान्हं मूल.

नेपल्सच्या जुन्या भागात सांतिस्सिमा आनुन्त्सियाता नावाचं चर्च आहे. चौदाव्या शतकात त्याच्या आधाराने एक धर्मादाय संस्था उभी राहिली. रुग्णालय, अनाथालय, गरीब मुलींच्या हुंड्याची सोय असं सगळं एकाच छताखाली. या इमारतीच्या रस्त्याकडच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती आणि तिच्यामागे लाकडाचं एक फिरतं पिंप. इटालियनमध्ये त्याला नुसतं ‘रुओता’ म्हणत, म्हणजे चाक.

रचना साधी होती. बाहेरून आलेल्या व्यक्तीने मूल पिंपात ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई मूल उचलून घेणार. दोघींपैकी कुणीच दुसरीचा चेहरा पाहणार नाही. ही युक्ती मुळात मठांमधली. ज्या जोगिणींनी बाहेरच्या जगाला तोंड दाखवायचं नसे, त्यांच्यापर्यंत भाजीपाला आणि पत्रं पोचवायला असं फिरतं कपाट असायचं. तेच पुढे मुलांसाठी वापरात आलं.

आत घेतलेल्या मुलाला धुऊन पुसून नोंदवहीत लिहीत. वेळ काय, वय अंदाजे किती, अंगावर कोणते कपडे, सोबत काही चिठ्ठी किंवा खूण आहे का. गळ्यात शिशाचा एक शिक्का अडकवत, म्हणजे मुलांची अदलाबदल होऊ नये. मग बाप्तिस्मा आणि नाव. नाव कुठल्याही संताचं, आडनाव सगळ्यांचं एकच : एस्पोसितो.

नेपल्सचे लोक या मुलांना ‘मादोन्नाची लेकरं’ म्हणत. ज्यांना आई नाही त्यांची आई मेरी. ऐकायला गोड आहे. पण मोठं झाल्यावर नोकरी मागायला किंवा लग्नाची बोलणी करायला गेलेल्या माणसाला नाव विचारलं, की तोंडातून पहिला शब्द बाहेर पडायच्या आत त्याचा जन्म कसा झाला ते समोरच्याला कळलेलं असायचं.

प्रत्येक शहराचा वेगळा शिक्का

मला वाटलं होतं की ही नेपल्सचीच गोष्ट असेल. मग कळलं की इटलीतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहराने हेच केलंय, फक्त शब्द वेगळे.

फ्लॉरेन्सचं उदाहरण सर्वांत देखणं. तिथल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ मध्ये अनाथालयाचं काम सुरू केलं. आराखडा फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा, म्हणजे ज्याने त्या शहराच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट उभारला तोच. इमारतीचं नाव ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, ‘निष्पापांचं रुग्णालय’. पहिलं मूल ५ फेब्रुवारी १४४५ रोजी आलं. मुलगी होती. तो दिवस संत आगाथाचा, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं, आगाता स्मेराल्दा. इथल्या मुलांपासून इन्नोचेन्ती, देल्यिन्नोचेन्ती, नोचेन्तीनी अशी आडनावं आली. त्या इमारतीच्या कमानींवर आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने केलेली, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळांची निळी-पांढरी वर्तुळं आजही आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या बोधचिन्हावर त्यातलंच एक बाळ दिसतं.

मिलानमध्ये मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह होतं कबुतर, इटालियनमध्ये ‘कोलोम्बो’. मुलांना तेच आडनाव मिळायचं. ही पद्धत १८२५ पर्यंत चालली. आज मिलानच्या परिसरात कोलोम्बो आडनावाची रेलचेल आहे. (श्रीलंकेतल्या शहराशी याचा संबंध नाही. आणि जेनोआच्या क्रिस्तोफोरो कोलोम्बोला, आपल्या कोलंबसला, लगेच अनाथ ठरवू नका. कबुतरावरून आडनाव पडायची इतर कारणंही होती.)

रोममध्ये प्रोयेत्ती, म्हणजे ‘फेकलेले’. तिथल्या सांतो स्पिरितो रुग्णालयाबद्दल अशी आख्यायिका सांगतात की तीबर नदीतल्या कोळ्यांच्या जाळ्यात मासळीऐवजी तान्ही मुलं येऊ लागली, म्हणून पोप तिसरा इनोसन्ट याने हे रुग्णालय मुलांसाठी उघडलं. सिएनात सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयावरून देल्ला स्काला. बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती. सिसिलीत त्रोवातो, म्हणजे ‘सापडलेला’. काही ठिकाणी नाव ठेवणाऱ्याला दया आली असावी : दियोताल्लेव्ही, ‘देव तुला वाढवो’.

व्हेनिसची तऱ्हा न्यारी. तिथल्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयात मुलींना संगीत शिकवत. १७०३ पासून तिथे व्हायोलिन शिकवायला एक तरुण पाद्री येऊ लागला, त्याचं नाव आन्तोनियो विवाल्दी. त्याच्या कितीतरी रचना याच मुलींनी पहिल्यांदा वाजवल्या, सज्जातल्या जाळीआड बसून. या मुलींना आडनाव नसे, म्हणून वाद्यच आडनाव व्हायचं. त्यातली सर्वांत गाजलेली वादक आन्ना मारिया दाल व्हिओलीन, ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’. आणि संगीताच्या शाळेला जगभर ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात तो शब्दही नेपल्समधल्या अनाथालयांचा आहे. मुलांना ‘सांभाळून ठेवण्याची’ जागा ती कोन्झर्व्हातोरियो.

कोण ठेवत होतं ही मुलं?

सहज मनात येतं ते चित्र म्हणजे फसवली गेलेली, अविवाहित, घाबरलेली मुलगी. ती होतीच. चर्चच्या आणि गावाच्या अब्रूच्या कल्पनांपुढे तिला पर्याय ठेवलेला नव्हता. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड कर्त्झर यांनी या विषयावर १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. काही भागांत अविवाहित गरोदर बाईवर पाद्री, सुईण आणि पोलीस यांची कशी नजर असायची आणि मूल अनाथालयात द्यायला तिला कसं भाग पाडलं जायचं, ते त्यात येतं. पुरुषाचं काय? १८६५ च्या इटालियन नागरी संहितेने काही अपवाद सोडता पितृत्वाचा शोध घ्यायलाच मनाई केली होती. म्हणजे बापाचं नाव कायद्यानेच झाकलेलं.

पण चाकात येणारी सगळी मुलं अशी नव्हती. एकोणिसाव्या शतकात मिलानमध्ये मोठा वाटा विवाहित गरीब जोडप्यांच्या मुलांचा होता. आई गिरणीत किंवा कुणाच्या घरी कामाला, बाळाला पाजणार कोण? मग मूल चाकात ठेवायचं, अनाथालय खर्च करून त्याला दूधआई देणार, आणि जमलं तर एक-दोन वर्षांनी ओळख पटवून परत आणायचं. म्हणूनच मुलांबरोबर खुणा सोडल्या जात. अर्धं तोडलेलं पदक, अर्धा पत्ता, रिबिनीचा तुकडा, संताच्या चित्राचा अर्धा भाग. उरलेला अर्धा आईजवळ. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात या खुणा छोट्या-छोट्या खणांमध्ये ठेवल्या आहेत, खण ओढून पाहता येतो. त्यांचे फोटो मी फोनवर मोठे करून पाहिले. तुटलेली कड वेडीवाकडी आहे, कारण ती फक्त एकाच दुसऱ्या तुकड्याला जुळायला हवी होती. या वस्तू अजून खणात आहेत, याचा अर्थ दुसरा तुकडा घेऊन कुणी आलं नाही.

आता दूधआयांबद्दल. शहरातल्या अनाथालयात इतक्या बाळांना पाजणं अशक्य होतं. त्यामुळे मुलं खेड्यांतल्या बायकांकडे पाठवत, महिन्याच्या पैशांवर. आडनाव नेपल्सबाहेर काम्पानियाच्या गावागावांत कसं पसरलं याचं हे एक मोठं कारण. जी मुलं जगली, त्यांतली अनेक त्याच गावात शेतमजूर, चाकर, सून, जावई होऊन राहिली.

जी जगली. कारण बहुतेक जगत नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अनेक अनाथालयांत वर्षभरात आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पहिल्या वाढदिवसाआधी जात. भूक, जुलाब, गर्दी, थंडीतला प्रवास. आणि सिफिलिस. आजारी बाळाकडून दूधआईला, तिच्याकडून तिच्या घराला. बोलोन्याजवळच्या डोंगरातली आमालिया बान्याकावाल्ली नावाची गरीब शेतकरीण १८९० मध्ये अशीच आजारी पडली आणि तिने चक्क अनाथालयावर खटला भरला. कर्त्झर यांनी तिच्यावर वेगळं पुस्तकच लिहिलंय.

मग एवढे एस्पोसितो आले कुठून?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. इतकी मुलं मरत होती, तर आडनाव देशात पहिल्या काहींत कसं?

उत्तर हिशेबात आहे. साधारणपणे आडनाव एका घराण्यापासून सुरू होतं आणि फांद्या फुटत जातात. एस्पोसितो हे आडनाव एका माणसापासून सुरूच झालेलं नाही. ते दर वर्षी, दर आठवड्याला, कधी एकाच रात्री दोन-तीनदा नव्याने सुरू होत होतं. शेकडो वर्षं. जगलेला प्रत्येक मुलगा म्हणजे एक नवा मूळपुरुष. त्यामुळे दोन एस्पोसितो भेटले तर ते नातेवाईक असण्याची शक्यता दोन पाटील भेटले तर असते त्याहून जास्त नाही. पाटलांचा निदान वतनाचा हुद्दा एक होता. यांची फक्त भिंत एक.

दुसरी गोष्ट उशिरा लक्षात आली. मी सारखा ‘मुलगा’ म्हणतोय. चाकात मुलीही येत होत्या. त्यांनाही हेच आडनाव मिळायचं. पण आडनाव बापाकडून पुढे जाण्याची रीत, म्हणून त्यांच्या मुलांना नवऱ्याचं नाव लागलं आणि एका पिढीत खूण पुसली गेली. आज नकाशावर दिसणारे एस्पोसितो म्हणजे खऱ्या संख्येचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा रोस्सी, रुस्सो, रोमानो अशा नावांखाली दडलेला आहे आणि त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नसेल.

इथे मला पणजीची रिकामी चौकट आठवली. तिची पतवंडं आम्ही बावीस जण आहोत. सगळ्यांचं आडनाव पणजोबांचं.

नाव बदलायचा हुकूम

नेपल्समध्ये १८०८ ते १८१५ या काळात नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा राजा होता. या फ्रेंच राजवटीने १८०९ मध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू केली, आणि म्युराच्याच काळात सापडलेल्या मुलांना ‘एस्पोसितो’ हे आडनाव द्यायला बंदी आली. मुलाच्या कपाळावर शिक्का नको, हा विचार. त्यानंतर कारकून प्रत्येक मुलासाठी वेगळं आडनाव शोधू लागले. महिन्यांची, फुलांची, गावांची, कधी सुचेल ती.

या काळातल्या नोंदी आज इटलीच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘आंतेनाती’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आंतेनाती म्हणजे पूर्वज. मला इटालियन येत नाही, पण या नोंदी ठरावीक साच्याच्या असतात, दहा वाचल्या की अकरावी ओळखीची वाटते. अमुक वाजता चाकात मूल मिळालं, मुलगी, एका दिवसाची, जुन्या फडक्यांत गुंडाळलेली, नाव हे ठेवलं, आडनाव हे ठेवलं. तारीख, सही. आईच्या जागी काही नाही.

हुकूम चांगलाच होता. तरी त्यात एक वेगळी मेख होती. एस्पोसितो नावामुळे निदान मागचा धागा नेपल्सच्या भिंतीपर्यंत तरी पोचायचा. ‘मे महिना’ नाहीतर ‘गुलाब’ असं आडनाव मिळालेल्या मुलाच्या नातवाला ते कुठून आलं हेही कळणार नव्हतं. लाज गेली आणि तिच्याबरोबर मागही गेला.

जुनी आडनावं मात्र तशीच राहिली आणि माणसांनी ती वापरत-वापरत गुळगुळीत केली. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली तेव्हा तिला टोमॅटो, मोझरेल्ला आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा पिझ्झा खिलवणारा जो रसोया सांगतात, त्याचं नाव राफाएले एस्पोसितो. या गोष्टीच्या खरेपणाबद्दल इतिहासकार शंका घेतात. पण नाव तर बघा, आपण ‘मार्गेरिटा’ म्हणून मागवतो त्या पिझ्झाच्या दंतकथेचा नायकसुद्धा एस्पोसितोच. पुढे लाखो इटालियन बोटीने अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझीलला गेले, नाव सोबत गेलं. इटलीत उच्चार ‘एस्पो’वर जोर देऊन होतो, अमेरिकेत जोर सरकला आणि झालं ‘एस्पोसीटो’. कॅनडात जन्मलेला फिल एस्पोसिटो हा आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये एका हंगामात शंभर गुण ओलांडणारा पहिला खेळाडू. गॅलरीतून त्याच्या नावाने ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा अर्थ माहीत असेल?

चाकं एकेक करून बंद झाली. फेर्रारात १८६७, मिलानमध्ये १८६८, फ्लॉरेन्स आणि नेपल्समध्ये १८७५. उरलीसुरली १९२३ मध्ये देशभर रद्द झाली. आनुन्त्सियाताची इमारत अजून उभी आहे. चाक पाहायला पर्यटक जातात.

१८७५, पंढरपूर

नेपल्सचं चाक थांबलं त्याच वर्षी, १८७५ मध्ये, इकडे पंढरपुरात प्रार्थना समाजाशी संबंधित लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू झाला. त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवा बाईने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. दोन्हीकडची गरज एकच : बाईचं नाव बाहेर न येता मूल जगवणं. एक फरक मात्र डोळ्यात भरतो. १८७४ मध्ये जन्मलेल्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले पतिपत्नींनी दत्तक घेतलं तेव्हा त्याला कुठल्या गृहाचं नाव चिकटवलं नाही. आपलं दिलं. यशवंत जोतीराव फुले. पुढे तो डॉक्टर झाला.

नावाचा हा प्रश्न दोन्हीकडे अजून मिटलेला नाही. इटलीत २००० सालच्या नियमांनुसार पालक अज्ञात असलेल्या मुलाला त्याचा जन्म उघड करणारं नाव देता येत नाही. तिथे बाईला रुग्णालयात नाव न सांगता बाळंत होता येतं आणि ते गुपित कायद्याने शंभर वर्षं राखलं जातं. पण मोठ्या झालेल्या मुलाने विचारलं तर? २०१२ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने याच मुद्द्यावर इटलीविरुद्ध निकाल दिला. पुढच्या वर्षी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने वाट काढली : मुलाने अर्ज केला तर न्यायाधीश त्या आईला गुप्तपणे विचारू शकतो, अजूनही नाव लपवायचंय का? २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की मुलाला आपोआप फक्त बापाचं आडनाव लागणं बरोबर नाही, दोघांचं लागावं. आपल्याकडे महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येऊ लागलं.

पणजीला यातलं काहीच मिळालं नाही. ती कुठल्या आश्रमातली, तेही आता सांगणारं कुणी नाही. आजोबा गेले तेव्हा मी सातवीत होतो, विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यांनी विषय बदलला असता असं आई म्हणते.

मागच्या आठवड्यात चुलतभावाने फाईल परत पाठवली. ‘रिकामे रकाने काढून टाकू का? प्रिंट नीट येईल,’ असं विचारलं होतं. मी लिहिलं, पणजीचा काढू नकोस. त्यात काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, काकांनी लिहिलं होतं तेच लिही. ‘आश्रमातली.’

या वेळी इमोजी आली नाही. काकूचा मेसेज आला, ‘तिच्या हातचं लोणचं वर्षभर टिकायचं म्हणे. तेही लिहा.’